ग्रीफिया : एका लुप्त कालवाचा धडा

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खडकांना घट्ट चिकटलेली कालवे आपल्या नित्य परिचयाची आहेत. त्यांचा एक प्राचीन आप्त म्हणजे ग्रीफिया हा लुप्त वंश होय. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये त्याचे नामकरण केले. सुमारे २० ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या जुरासिक काळात हे प्राणी उथळ सागरांत विपुल होते. इंग्लंडमधील त्या काळाच्या खडकांत त्यांचे जीवाश्म मोठ्या संख्येने आढळतात.

ग्रीफियाच्या शिंपल्याचे डावे पुट जाड व आकड्याप्रमाणे आत वळलेले असे; उजवे पुट झाकणासारखे लहान व चपटे असे. पिलू एखाद्या शिंपल्याच्या तुकड्याला चिकटून वाढू लागे. पुढे ते सुटे होऊन मऊ चिखलावर पडून राही. जड, गोलाकार पुट खाली राहिल्याने शिंपल्याचे मुख चिखलाच्या वर राही व श्वसन आणि अन्नग्रहण सुकर होई. इंग्लंडमधील ग्रामस्थ या जीवाश्मांना ‘सैतानाच्या पायाची नखे’ म्हणत आणि सांधेदुखीवर उपाय म्हणून जवळ बाळगीत.

या वंशाविषयी विद्वानांचाही एक समज पुढे चुकीचा ठरला. १९२२ मध्ये ट्रूमन यांनी असे प्रतिपादन केले की, चपट्या कालवांपासून ग्रीफिया उत्क्रांत झाला व वरच्या थरांत त्याचा बाक वाढत गेला. त्यावरून, अखेरीस शिंपला उघडेनासा होऊन प्राणी नष्ट झाला, अशी कथा पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. १९५९ मध्ये हॅलम यांनी पुन्हा मोजमापे घेतली, तेव्हा बाक सतत वाढत गेल्याचे आढळले नाही. उलट, नंतरच्या काळातील शिंपले अधिक मोठे व पसरट झाल्याचे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. जोन्स व गूल्ड यांनी १९९९ मध्ये शिंपल्यांवरील वार्षिक वाढीच्या रेषा मोजल्या. नंतरचे प्राणी अधिक वेगाने वाढत व मोठेपणीही बाल्यावस्थेतील ठेवण टिकवून ठेवीत, असे त्यांना दिसून आले.

कोणता शिंपला कोणत्या थरातील, याची नोंद असल्यामुळेच ही दुरुस्ती शक्य झाली. थरातून उचलून नेलेला नोंदरहित जीवाश्म शोभेची वस्तू होतो. त्याची साक्ष मात्र नष्ट होते. कच्छमधील जुरासिक खडकांतही प्राचीन शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. म्हणून विहीर, रस्ता अथवा खाण खोदताना असे काही आढळल्यास ग्रामस्थांनी ते न फोडता स्थळ, खोली व दिनांक लिहून ठेवावा आणि शिक्षकांस दाखवावे. शिक्षकांनीही एका नमुन्यावरून निष्कर्ष न काढता अनेक नमुने मोजून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी. ग्रीफियाचा धडा हाच आहे.