दगडाची धूळ आणि मालक-मजुरांची कर्तव्ये

मजुरीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींसाठी हा धडा आहे. गावबैठकीत मी तो वाचून दाखवतो. वाचता येणाऱ्याने घरीही सर्वांना वाचून दाखवावा.

नर्मदेपलीकडच्या अलीराजपूर, झाबुआ व धार जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबे गुजरातेत गोध्रा भागातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. तिथली पिठासारखी धूळ श्वासावाटे फुप्फुसांत बसे. तिच्यामुळे होणारा रोग म्हणजे सिलिकोसिस. तो बरा होत नाही. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखी असल्याने पुष्कळदा क्षयाचेच औषध चालू राहते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला.

आता कायदा पाहू. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. साधारणपणे १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू होते.

मालकाची कर्तव्ये:
१. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे.
२. नेमणूकपत्र देणे.
३. नियमात ठरवलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करणे.
४. सुरक्षेच्या साधनांचे पैसे मजुरीतून न कापणे.

मजुराची कर्तव्ये:
१. स्वतःची व सोबत्यांची काळजी घेणे.
२. सुरक्षेचे नियम पाळणे, साधनांची मोडतोड न करणे.
३. धोका दिसताच कळवणे.

धोक्याची माहिती विचारण्याचा हक्कही मजुराला आहे.

मी नेहमी विचारतो, "तोंडाला रुमाल बांधला की झाले का?" नाही. ही बारीक धूळ रुमालातून आत जाते. ती उडतानाच अडवावी लागते: पाणी मारून, यंत्र झाकून, धूळ ओढणारे पंखे लावून. हे मालकाच्याच हातात आहे. म्हणून त्याचे कर्तव्य आधी येते. मात्र चांगला मास्क मिळाल्यावर उकडते म्हणून तो काढून ठेवणे, ही आपली चूक ठरेल.

तीन गोष्टी विसरू नका. नेमणूकपत्र किंवा हजेरी कार्ड जपून ठेवा. मुकादमाचे व कारखान्याचे नाव घरी लिहून ठेवा. खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना आधी सांगा, "मी दगडाच्या धुळीत काम केले आहे." त्या एका वाक्याने योग्य तपासणी होऊ शकते.

चर्चेसाठी: आपल्या पाड्यातील कोण कोण धुळीच्या कामाला गेले आहेत? त्यांच्याजवळ कामाचा कोणता पुरावा आहे?