हरगिलाची पाठराखीण

नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरचे करकोचे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. त्यांचा एक भाऊबंद आसामात राहतो. त्याचे नाव हरगिला, म्हणजे हाडे गिळणारा. उंची सुमारे दीड मीटर, डोके टकले. मेलेली जनावरे खाऊन तो परिसर स्वच्छ करतो. पण घरटे बांधतो ते खाजगी मालकीच्या उंच झाडांवर. खाली विष्ठा व कुजके मांस पडते. म्हणून लोक त्याला अपशकुनी मानीत आणि झाडच तोडीत. वीण वर्षातून एकदाच. तेव्हा झाड पडले की त्या वर्षीची पिढीच गेली!

२००७ साली दादरा गावात असेच झाड तुटले, पिल्ले खाली पडली. संशोधक पूर्णिमादेवी बर्मन यांनी ते पाहिले. पीएच.डी. लांबणीवर टाकून त्यांनी गावच्या स्त्रियांना एकत्र केले. हरगिलाची डोहाळजेवणे झाली, मागावरच्या कापडात तो विणला गेला. ज्याची किळस येई, तो घरचा झाला. कामरूप जिल्ह्यातील तीन गावांत २८ घरटी होती. २०२२ पर्यंत ती २५० वर गेली. पीएच.डी. २०१९ मध्ये मिळाली.

कायद्याचा पहारा प्रत्येक अंगणात पोहोचत नाही, शेजारणीचा पोहोचतो. तुमच्या अंगणातल्या झाडावर कोण राहते, हे आज पाहाल का?