अंगणातले पाहुणे

(आपल्या घराभोवती अनेक पक्षी आणि लहान प्राणी राहतात. त्यांना कसे पाहावे, दाणापाणी कसे द्यावे आणि काय देऊ नये, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या घरी रोज काही पाहुणे येतात. ते दाराची कडी वाजवत नाहीत, चहा मागत नाहीत. येतात, थोडे खातात, पाणी पितात आणि निघून जातात. आपण कामात असतो, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. हे पाहुणे म्हणजे पक्षी आणि लहान प्राणी.

तुमच्या घराला अंगण असेल तर उत्तमच. पण मालेगाव, भिवंडी किंवा मुंबईसारख्या दाटीच्या शहरांत प्रत्येकाला अंगण कोठून मिळणार? तरी काळजी नको. गच्चीवरच्या चार कुंड्या, खिडकीचा कठडा किंवा शाळेच्या आवारातले एखादे झाड एवढेही पुरे.

सकाळी दहा मिनिटे एका जागी शांत बसा. हलू नका, बोलू नका. आधी कान उघडा, मग डोळे. 'टुक् टुक् टुक्' असा एकसारखा आवाज आला, तर तो तांबट पक्षी. तांब्याच्या भांड्यावर कोणी हातोडी मारत आहे, असे वाटते, म्हणून त्याचे नाव तांबट. पाच-सात मातकट रंगाचे पक्षी एकत्र कलकलाट करत जमिनीवर पाने उलटताना दिसले, तर ते सातभाई. जास्वंदीच्या फुलाशी निळा-काळा, चमकदार आणि बोटाएवढा पक्षी दिसला, तर तो शिंजीर. तो आपल्या बाकदार चोचीने फुलातला मध पितो.

झाडाच्या खोडावरून सरसर धावणारी खार तर तुम्ही पाहिलीच असेल. उर्दूत 'ख़ार' म्हणजे काटा. मराठीत 'खार' म्हणजे गिलहरी! तिच्या पाठीवरचे पांढरे पट्टे मोजा. काही खारींच्या पाठीवर तीन पट्टे असतात, काहींच्या पाठीवर पाच. तुमच्या घराजवळची खार कोणती, हे तुम्हीच शोधून काढायचे आहे.

आणखी एक गंमत. उर्दू शायरीत गुल आणि बुलबुल यांची जोडी तुम्ही वाचली आहे. ती कल्पना फारसी काव्यातून आली. फारसी काव्यातला बुलबुल हा इराणकडचा, गोड गाणारा वेगळा पक्षी आहे. आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल निराळा. त्याचे डोके काळे असते, डोक्यावर लहानसा तुरा असतो आणि शेपटीच्या खाली लाल रंग असतो. नाव एकच, पण पक्षी दोन! नुसत्या नावावर जाऊ नये, डोळ्यांनी पाहून खात्री करावी, ती यासाठीच.

डोळ्यांनी पाहून खात्री करणारा एक थोर माणूस आपल्याच मुंबईत होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. सलीम अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. लहानपणीच आई-वडील वारल्यामुळे ते मामांच्या घरी वाढले. एकदा त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. उचलून पाहतात, तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही चिमणी नेहमीसारखी नव्हती. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्यांना पडला. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. तेथील मिलार्ड या साहेबांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेतला पक्ष्यांचा मोठा संग्रह त्यांना दाखवला. त्या एका प्रश्नातून पुढे मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला.

अलिबागजवळच्या किहीम गावी सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. सुगरणीचा खोपा फार सुंदर असतो. 'सुगरण' हे नाव ऐकून आपल्याला वाटते, की हा खोपा मादीच विणत असेल. पण तो नर विणतो. खोपा अर्धा झाला, की मादी येऊन पाहते. तिला पसंत पडला, तरच ती आत राहते. मग नर तो पूर्ण करतो आणि शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो. ही माहिती त्यांना धीराने बसून, रोज पाहून मिळाली. तुमच्याजवळ दुर्बीण नसेल, तरी धीर नक्कीच असेल.

आता पाहुणचाराकडे वळू. पाहुणा आला, की आपण त्याला आधी पाणी देतो. पक्ष्यांनाही आधी पाणीच द्या. एप्रिल-मे महिन्यांत डबकी आटतात. तेव्हा दाण्यापेक्षा पाण्याची गरज अधिक असते. यासाठी मातीचे पसरट, उथळ भांडे घ्या. पाणी दोन-तीन बोटे खोल असावे. मध्ये एक दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याला बसायला जागा होते आणि आत पडलेली मधमाशीही वर चढू शकते. भांडे सावलीत ठेवा, पण दाट झुडपाला चिकटून ठेवू नका. झुडपात मांजर दबा धरून बसते. पाणी रोज बदला आणि भांडे घासून धुवा. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. पक्ष्यांची सेवा करताना घरात डेंग्यू येता कामा नये.

पाण्यानंतर दाणे. बाजरी, ज्वारी, राळे, तांदळाची कणी हे चिमणीचे आणि होल्याचे खाणे. पिकलेल्या पेरूची किंवा पपईची फोड बुलबुल आणि खार आवडीने खातात. दाणे मूठभरच टाका. तासाभरात संपतील एवढेच टाका. उरलेले संध्याकाळी झाडून घ्या, नाहीतर रात्री उंदीर आणि घुशी येतील. फरसाण, वेफर, लोणचे, तळलेले पदार्थ कधीही देऊ नका. एवढे मीठ आणि तेल पक्ष्यांना सोसत नाही. पावाने पोट भरते, पण अंगी ताकद येत नाही.

तुम्ही म्हणाल, "मूठभरच का? पोतेभर टाकले तर जास्त पुण्य नाही का?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर नीट समजून घ्या.

एकाच जागी खूप दाणे टाकले, की तेथे खूप कबुतरे जमतात. चिमण्यांना जागा उरत नाही. कबुतरांची विष्ठा वाळते, तिची धूळ होते आणि ती श्वासाबरोबर आत जाते. त्यामुळे काही माणसांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. याच कारणावरून २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांचा मोठा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

गर्दीचा त्रास माणसांनाच होतो असे नाही, पक्ष्यांनाही होतो. ब्रिटनमध्ये घरोघरी बागेत पक्ष्यांना दाणे ठेवतात. तेथे ग्रीनफिंच नावाचा लहान, हिरवट पक्षी आहे. २००५ सालापासून त्याच्यात घशाचा एक रोग पसरला. आजारी पक्ष्याच्या लाळेने दाणे आणि पाणी दूषित होई. तेच दुसरे पक्षी खात आणि पीत. पुढील वर्षांत तेथील ग्रीनफिंचची संख्या निम्म्याहून अधिक घटली. दाणे ठेवणाऱ्या लोकांचा हेतू चांगलाच होता. पण नुसता चांगला हेतू पुरत नाही. भांडे स्वच्छ हवे आणि गर्दी कमी हवी.

माकडांचे पाहा. माथेरानला किंवा घारापुरीला गेलात, तर माकडे हातातली पिशवी हिसकावून नेतात. हे त्यांना कोणी शिकवले? आपणच शिकवले. लोकांनी खाऊ दिला, म्हणून त्यांनी जंगलात अन्न शोधणे कमी केले. मग कोणी खाऊ दिला नाही, की ती चावू लागली. चावले, की लोक त्यांना दगड मारतात. पाहा, प्रेमाने दिलेल्या एका केळ्याचा शेवट दगडात झाला! म्हणून माकडाला किंवा वानराला कधीही खायला देऊ नका. मुंगूस अंगणात आले, तर त्यालाही काही देऊ नका. ते उंदीर, किडे आणि साप खाते. त्याचे पोट भरायला ते समर्थ आहे. तुम्ही फक्त दूर उभे राहून पाहा.

मग पक्ष्यांसाठी खरी मदत कोणती? झाड लावणे. टाकलेले दाणे एका दिवसात संपतात, झाड मात्र वर्षानुवर्षे खाऊ घालते. जास्वंद आणि शेवगा यांच्या फुलांवर शिंजीर येतो. कढीपत्त्याची काळी फळे आणि कडुलिंबाच्या निंबोळ्या बुलबुल, कोकीळ खातात. लिंबाची मोठी पाने शिवून शिंपी पक्षी घरटे करतो. पेरूवर रात्री वटवाघळे येतात. त्यांना अशुभ समजू नका. फळे खाऊन ती दूरवर बिया टाकतात आणि त्यातून नवी झाडे उगवतात. कढीपत्ता आणि जास्वंद तर कुंडीतही वाढतात.

झाडांवर विषारी औषधे मात्र मारू नका. मोठी चिमणी दाणे खाते, पण आपल्या लहान पिलांना ती अळ्या आणि किडे भरवते. किडे सगळे मेले, तर पिलेही उपाशी मरतात. पूर्वी कौलारू घरांच्या वळचणीत चिमण्या घरटी करत. सिमेंटच्या सपाट भिंतींत त्यांना जागा सापडत नाही. म्हणून लाकडी खोक्याला तीन-चार सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडून ते सावलीत, उंचावर टांगा. नाशिकचे पक्षिमित्र मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी मोठे काम केले आहे. त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जगभर 'जागतिक चिमणी दिन' म्हणून पाळला जातो.

दोन गोष्टी आणखी ध्यानात ठेवा. पंख फुटलेले पिलू जमिनीवर दिसले, तर लगेच घरी नेऊ नका. ते उडायला शिकत असते आणि त्याचे आई-बाप जवळच असतात. मांजराची भीती असेल, तर त्याला अलगद उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. दुसरी गोष्ट, आपल्याकडचा पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पाहुण्याला कोणी कोंडून ठेवते का?

आता एक वही करा. तीत तारीख, वेळ, ठिकाण, कोण आले आणि काय करत होते, असे पाच रकाने आखा. नाव ठाऊक नसेल, तर रंग, आकार आणि आवाज लिहा. नाव नंतर सापडेल. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभरातले लोक आपल्या परसातले पक्षी मोजतात. निदान पंधरा मिनिटे मोजायचे आणि नोंद पाठवायची, एवढेच काम असते. भारतातही ही गणना होते. शिक्षकांच्या मदतीने तुमचा वर्गही तीत भाग घेऊ शकेल. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याची सांगता सलीम अलींच्या जन्मदिनी होते.

मुलांनो, पाहुणा आपला गुलाम नसतो आणि भिकारीही नसतो. तो आला, की आनंद मानावा. निघाला, की त्याला जाऊ द्यावे. स्वच्छ पाणी, मूठभर दाणे, एखादे झाड आणि दहा मिनिटांची शांतता एवढे तुम्ही दिलेत, तर तो उद्या पुन्हा येईल. आणि आपल्या मर्जीने येईल.

शब्दार्थ
उथळ – खोल नसलेला
दबा धरणे – हल्ला करण्यासाठी लपून बसणे
दूषित – घाण झालेला, बिघडलेला
वळचण – छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग व त्याखालची जागा
खोपा – सुगरण पक्ष्याचे घरटे
निंबोळी – कडुलिंबाचे फळ
परस – घराच्या मागची मोकळी जागा
सांगता – शेवट, समाप्ती

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तांबट पक्ष्याला हे नाव का मिळाले?
(आ) सलीम अलींनी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर काय होते?
(इ) सुगरण पक्ष्याचा खोपा कोण विणते?
(ई) चिमणी आपल्या पिलांना काय भरवते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पाण्याचे भांडे दाट झुडपाला चिकटून ठेवू नये.
(आ) माकडांना खाऊ देऊ नये.
(इ) दाणे मूठभरच टाकावेत.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
'नुसता चांगला हेतू पुरत नाही' हे वाक्य पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

प्र. ४. पुढील पक्ष्यांना व प्राण्यांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा.
चिमणी, कावळा, पोपट, मुंगूस, वटवाघूळ.

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
दबा धरून बसणे, खात्री करणे, ध्यानात ठेवणे, पसंत पडणे.

उपक्रम : आठ दिवस रोज सकाळी दहा मिनिटे पक्षी पाहा. वहीत नोंद करा आणि ती वर्गात वाचून दाखवा.