तालीम आणि अभ्यास

कुस्तीच्या नादाने पोरं अभ्यासातून उठतात, असे गावात पुष्कळ जण म्हणतात. मला तसे वाटत नाही.

तालमीत धोबीपछाड एका दिवसात येत नाही. आधी हाताची पकड, मग वळून आत शिरायचे, मग खांद्यावरून फेकायचे. एकेक भाग पक्का झाला की डाव बसतो. वस्ताद म्हणतात, "जे अडतंय तेच परत कर." मी हेच अभ्यासाला लावले. सतराचा पाढा अडायचा. रोज दहा वेळा म्हटला, आता झोपेतसुद्धा येतो. शाब्दिक गणितही तुकडे पाडून सोडवले की सुटते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले आणि १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. जपानात ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो तर स्वतः शिक्षकच होते.

मित्रांनो, अंगात दम आला म्हणजे आपोआप मार्क पडत नाहीत. पुस्तक उघडावेच लागते. पण नेटाने बसायची सवय तालीम लावते.

पालकांना एवढीच विनंती : परीक्षा आली म्हणून तालीम बंद करू नका. दोन्हींची वेळ ठरवून द्या.