शिल्लक किती उरली?

मुलांनो, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. तेथील एका कामगाराचे घर डोळ्यांसमोर आणा. महिन्याचा पगार २०,००० रुपये. थोरल्या मुलीचा अकरावीचा प्रवेश जवळ आला आहे. त्यासाठी ७,००० रुपये हवेत.

पगार हाती आला, की अम्मी हिशेब मांडतात. पगाराच्या ४० टक्के किराणा. उरलेल्या रकमेच्या २५ टक्के घरभाडे व वीज. त्यानंतर जे उरेल, त्याच्या २० टक्के औषधपाणी व किरकोळ खर्च.

धाकटा भाऊ म्हणाला, “४०, २५ आणि २० मिळून ८५ टक्के. शिल्लक १५ टक्के, म्हणजे ३,००० रुपये. आपाचा प्रवेश होणार नाही!” आपा गप्प झाली.

त्याची चूक तुम्हांला दिसली का? हे तिन्ही टक्के एकाच रकमेचे नाहीत. म्हणून त्यांची बेरीज करता येत नाही. एकेक पायरी करून पाहा.

२०,००० चे ४० टक्के = ८,०००; उरले १२,०००.
१२,००० चे २५ टक्के = ३,०००; उरले ९,०००.
९,००० चे २० टक्के = १,८००; उरले ७,२००.

प्रवेशाचे पैसे निघाले. वर २०० रुपये उरले! शिल्लक १५ नव्हे, ३६ टक्के आहे.

लक्षात ठेवा : टक्के दिसले, की आधी विचारा, ‘कशाचे टक्के?’

स्वाध्याय : हाच पगार १० टक्क्यांनी वाढला. पुढे मंदी आली आणि नवा पगार १० टक्क्यांनी कमी झाला. पगार पूर्वीइतकाच झाला का? हिशेब करून सांगा.