नाव आपले, ॲप दुसऱ्याचे : करार करताना घ्यावयाची काळजी



कारखान्याची साखर व्यापारी स्वतःच्या नावाच्या पुडीत भरून विकतो, हे आपण जाणतोच. सॉफ्टवेअरचेही तसेच. बनविणारी कंपनी एक, पडद्यावर नाव दुसऱ्याचे. याला ‘व्हाइट लेबल’ म्हणतात. आपल्या सेवा सोसायट्या वा शेतकरी उत्पादक कंपन्या असे ॲप घेणार असतील, तर त्यांच्यासाठी आम्ही चार मुद्दे देत आहोत.

१) मालकी : नाव आपले म्हणून ॲप आपले होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी लागते. मुदत लिहिली नसल्यास ते ५ वर्षांचेच धरतात. नुसता वापराचा परवाना असेल, तर किती वर्षे व किती सभासदांसाठी, ते लिहून घ्यावे.

२) नाव व बोधचिन्ह : कंपनीने ते ठरल्या कामापुरते, कराराच्या मुदतीतच वापरावे.

३) माहिती : सभासदांचे बँक खाते, मोबाईल नंबर संस्थेच्या भरवशावर दिलेले असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुख्य जबाबदारी संस्थेवरच ठेवली आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीकडे बोट दाखवून सुटका नाही. म्हणून माहिती फुटल्यास कंपनीने तात्काळ कळविणे व भरपाई देणे करारात घालावे.

४) शेवट : करार संपल्यावर सारी माहिती किती दिवसांत परत मिळणार? कंपनीकडील प्रत पुसणार का? ऐन हंगामात ॲप बंद पडले, तर दुरुस्ती किती तासांत?

करार बहुधा इंग्रजीत असतो. वकिलाकडून मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. तोंडी दिलेला शब्द कागदावर आला नाही, तर तो वाऱ्यावर गेला समजा.