टिटवाळ्यातून आकाशनोंद : खर्च किती, सुरुवात कुठून?

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईत अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसल्याची नोंद आहे. त्याआधी सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळाची चुंबकीय नोंद कुलाबा वेधशाळेने टिपली होती. शास्त्रज्ञ ती आजही अभ्यासतात. आपल्या अक्षांशावर हा प्रकाश अतिदुर्मिळ, त्यामुळे टिटवाळ्यातून तो दिसेल या आशेवर पैसे खर्च करू नका. आकाश नीट पाहून लिहून ठेवायला मात्र फारसे पैसे लागत नाहीत, आणि विज्ञानाला अशाच नोंदी हव्या असतात.

शून्य रुपये
'ग्लोब अ‍ॅट नाइट' या उपक्रमात थंडीत मृग नक्षत्रातले किती तारे दिसतात ते नकाशाशी ताडून कळवायचे असते. टिटवाळा स्टेशनजवळून एक नोंद आणि काळू नदीकाठच्या अंधाऱ्या भागातून दुसरी केली, तर दिव्यांचा परिणाम आकड्यांत दिसतो. १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. तासभर उल्का मोजून आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेला कळवा. 'ऑरोरासॉरस' या संकेतस्थळावर अरोरा दिसल्याची नोंद करता येते, तशीच न दिसल्याचीही. तिन्हींना शुल्क नाही.

शंभर रुपयांच्या आत
वही, पेन्सिल आणि टॉर्चवर लावायला लाल जिलेटीन कागद. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

पाचशे ते आठ हजार
मोबाइलचा साधा ट्रायपॉड ५०० ते १,००० रुपयांत येतो. ७×५० किंवा १०×५० ची दुर्बीण साधारण ४,००० ते ८,००० रुपयांना पडते. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांची तेजस्विता मोजायला ती पुरते. महागडी मोठी दुर्बीण घेण्याची घाई करू नका. आधी एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखा.

रात्रभराची सहल
खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन वांगणीला होते. टिटवाळ्याहून कल्याणला गाडी बदलून कर्जत लोकल पकडा. दुसऱ्या वर्गाचे जाण्या-येण्याचे तिकीट पन्नास रुपयांच्या आत बसते. कार्यक्रमाचे शुल्क, जेवण आणि परतीच्या गाडीची वेळ नोंदणी करतानाच विचारा. कल्याणच्या आकाश मित्र मंडळाच्या कार्यक्रमांचीही चौकशी करा.

अरोराच पाहायचा असेल तर
१०-११ मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रकाश कॅमेऱ्यांनी टिपला. हा लाल रंग फार उंचावरच्या ऑक्सिजनचा, म्हणून तो दूर दक्षिणेकडूनही क्षितिजाजवळ दिसू शकतो. मात्र वादळ ठरवून येत नाही. मुंबई-लेह विमान, गाडी, मुक्काम आणि परवाना धरून माणशी ३० ते ५० हजार रुपये हाताशी ठेवा, आणि सहल ठरवा ती तिथल्या गडद आकाशासाठी.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला सप्टेंबर अखेर ते मार्च संधी चांगली असते. शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो. विमान आणि मुक्काम धरून खर्च दोन लाखांच्या वर जातो. 'अरोरा नक्की दाखवू' म्हणणाऱ्या सहल कंपनीपासून सावध राहा. ढग आले तर पैसे परत मिळतील का, ते लेखी घ्या.

हंगाम
पावसाळ्यात आकाश झाकलेले असते, म्हणून ऑक्टोबरपासून सुरुवात करा. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, दिशा आणि ढगांचे प्रमाण लिहा. यातले एक जरी राहिले तरी नोंदीचा उपयोग कमी होतो. घरातल्या मुलांना सोबत घ्या: मोजणारे डोळे जितके जास्त, तितका आकडा भरवशाचा.